एकेक घर

काळे मोहरे घेऊन बसलेल्या माणसाला पहिल्या चालीसाठी वीस पर्याय असतात. आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन आणि दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन. या विसांपैकी जवळजवळ प्रत्येकाला कोणी ना कोणी नाव देऊन ठेवलेलं आहे, अगदी घोडा उगाच पटाच्या कडेला नेऊन बसवण्यालाही. दोघांच्या दोन-दोन चाली होईपर्यंत १,९७,२८१ वेगवेगळे मार्ग तयार होतात, आणि त्यांतल्या खेळण्याजोग्या सगळ्या वाटांवर पाट्या लागलेल्या आहेत. त्यामुळे "मी काळ्यासाठी एक सुरुवात शोधली आहे" असं म्हणणाऱ्याकडे बुद्धिबळाच्या क्लबात ज्या नजरेनं बघतात, ती मला आता ओळखीची झाली आहे. पेट्रोलऐवजी पाण्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाकडे बघायची ती नजर.

तरी सांगतो. पांढऱ्यानं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे काढलं, की मी राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवतो. इथपर्यंत कोणाला काही वाटत नाही. पांढरा वजिरासमोरचं प्यादं काढतो आणि मी घोडा कडेला नेतो, एच६ वर. इथे समोरचा मान वर करून बघतो. पुढच्या चालीला मी राजाच्या उंटासमोरचं प्यादं एक घर पुढे घेतो आणि त्यानं मोकळ्या केलेल्या घरात, एफ७ वर, घोडा परत आणून बांधतो. मग उंट जी७ वर, आणि किल्लेकोट. मोहरे सगळे घरात, प्यादी एकेक घर पुढे, पांढऱ्याला सगळं अंगण मोकळं.

बुद्धिबळ शिकवणारा कोणीही पहिल्या दिवशी ज्या तीन गोष्टी करू नका म्हणून सांगतो, त्या मी पहिल्या चार चालींत करतो. घोडा कडेला नेऊ नये, एकच मोहरा दोनदा हलवू नये, राजाच्या उंटासमोरचं प्यादं उघडू नये. शेवटच्या नियमापुरता माझ्या पाठीशी एक जुना दाखला आहे. १८५८ मध्ये लंडनला टॉमस बार्न्स यानं पहिल्याच चालीला नेमकं तेच प्यादं एक घर सरकवलं आणि साक्षात पॉल मॉर्फीला हरवलं. पण अशा एका दाखल्यावर कोणी घर बांधत नाही.

हे करायची गरज का पडली, ते आधी सांगायला हवं. आमच्या क्लबात रविवारी सकाळी दहा-बारा वर्षांची मुलं येतात. त्यांचं पाठांतर भयंकर असतं. मी वर्षानुवर्षं सिसिलियन खेळत आलो. ती मुलं त्यातल्या अठरा-वीस चाली हसत-खिदळत, पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत करतात आणि एकविसाव्या चालीला विचार करायला लागतात, तेव्हा माझ्या घड्याळातली वीस मिनिटं उडालेली असतात. त्यांच्याशी हरण्याचं मला काही वाटत नाही. कोणा तिसऱ्याच माणसाशी, त्यांच्या टॅबमध्ये बसलेल्या यंत्राशी, आपण वीस चाली खेळलो आणि मग मुलाची ओळख झाली, हे खटकतं. मला पहिल्या पाच मिनिटांत त्या मुलालाच भेटायचं होतं. काळ्यांनी खेळताना ते जमवायचं तर दोघांपैकी कोणालाच पाठ नसलेल्या जागी लवकर जायला हवं.

अशी जागा मोठ्या लोकांनीही शोधलेली आहे. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा इथे टोनी माइल्सनं विश्वविजेत्या कार्पोवच्या पहिल्या चालीला उत्तर म्हणून हत्तीसमोरचं प्यादं एक घर सरकवलं आणि डाव जिंकला. १९६६ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत स्पास्कीनं पेट्रोस्यानविरुद्ध प्यादी सहाव्या रांगेत एका ओळीत लावून दोन डाव बरोबरीत सोडवले. त्या मांडणीला पाणघोडा म्हणतात. हे दाखले मी नंतर वाचले. माझी मांडणी आली ती दुसरीकडून.

आजोळी वाईला आजोबा, म्हणजे अण्णा, देशी बुद्धिबळ खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला सगळ्या डावात एकदाच, तेही शह बसायच्या आधी, घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायची मुभा. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते घर मुळात ज्या मोहऱ्याचं, तो मोहरा मिळायचा. वजीरच हवा असा हट्ट चालत नसे. समोरच्याचे सगळे मोहरे मारून नुसता राजा उरवला तर ती बुर्जी, म्हणजे बरोबरी. आणि मात करायची तर प्याद्यानं. वजिरानं मात करणाऱ्याला अण्णा "बरं, जिंकलास" म्हणत, त्यात 'बरं'वर जोर असे. हे नियम गावागणिक थोडे बदलतात. मी सांगतोय ते आमच्या ओसरीवरचे.

देशी खेळाची लय अगदी निराळी असते. पहिल्या दहा-बारा चाली कोणी कोणाच्या अंगाला हात लावत नाही. दोघंही आपापलं घर लावत बसतात, आणि घर कसं लावलंय त्यावर पुढचा सगळा डाव. अण्णांची एक ठरलेली रचना होती. घोड्यासमोरचं प्यादं एक घर, उंटासमोरचं एक घर, राजा उडी मारून जी७ वर, आणि घोडा वळसा घालून त्याच्या शेजारी एफ७ वर. "राजाजवळ घोडा बांधलेला असावा," असं ते म्हणायचे. त्या बाजूनं कोणाला आत शिरता येत नसे. मी सुट्टीत जाऊन त्या घोड्यावर डोकं आपटून परत यायचो.

चाळीस वर्षांनी, एका मुलाशी सिसिलियनमध्ये बाविसाव्या चालीला हरून घरी आलो, आणि पट मांडून अण्णांची ती रचना आंतरराष्ट्रीय नियमांत बसते का ते बघायला लागलो. राजाची उडी गेली, त्या जागी उंट आणि किल्लेकोट आला. घोडा तिथेच राहिला.

आता तो तिथे काय करतो ते सांगतो, कारण सगळी गंमत त्यात आहे. काळ्यानं जी७ वर उंट ठेवला की पांढऱ्याची एक ठरलेली मोहीम असते: उंट ई३ वर, वजीर डी२ वर, मग उंट एच६ वर घुसवायचा, काळ्याच्या उंटाशी मारामारी करून राजाभोवतीची काळी घरं उघडी पाडायची आणि एच-प्यादं पुढे सोडायचं. मुलांना ही मोहीम झोपेतही येते. पण एफ७ वरचा घोडा एच६ वर नजर ठेवून असतो. तिथे उंट आला तर काळा उंटानं मारतो. पांढऱ्यानं वजिरानं परत मारलं तर घोडा वजीर खातो. मोहीम पहिल्याच नाक्यावर थांबते. एच-प्यादं पुढे आलं तर मी जी-प्यादं त्याला चुकवून जी५ वर सरकवतो, तिथे एफ६ चं प्यादं आणि घोडा दोघंही त्याला धरून असतात. प्यादं आणखी पुढे एच६ वर आलं तर फुकट जातं. दोन हल्ले एका घोड्यानं थोपवले, आणि तो स्वतः सगळ्या प्याद्यांमागे सुखात.

किंमतही आहे. जी७ वरच्या उंटाच्या तोंडासमोर माझंच प्यादं उभं असतं. पांढरी घरं कमकुवत होतात. आणि मुख्य म्हणजे जागा नसते; मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांनी राहावं तसे मोहरे एकमेकांना ओलांडत हिंडतात.

चाचणी घ्यायची म्हणून पहिल्यांदा स्टॉकफिशला दाखवलं. त्यानं पांढऱ्याला जवळपास एक प्यादं जास्त असल्यासारखे गुण दिले. मला वाटलं होतं, काहीतरी भयंकर बलिदान काढून माझ्या राजाची चाळण करेल. तसं त्यानं काहीच केलं नाही. सी-प्यादं पुढे, घोडे नेहमीच्या घरांत, किल्लेकोट, मग वजिरासमोरचं प्यादं डी५ वर, आणि नुसतं बसून राहिला. माझी खोली आणखी लहान करत गेला. यंत्रानं दिलेल्या शिक्षेत नाट्य असतं तर बरं वाटलं असतं. माझी ऐपत त्यानं शांतपणे मोजली.

मग जालावर अनोळखी लोकांशी तीन-तीन मिनिटांचे डाव. त्यांतून काही कळत नाही असं माझं मत झालं आहे. तीन मिनिटांत कुठलीही विचित्र गोष्ट चालते; समोरचा दचकतो, त्याची पंधरा सेकंदं जातात आणि शेवटी तीच पंधरा सेकंदं जिंकतात. ही सुरुवातीची परीक्षा नव्हे. 'भॉक' करून घाबरवण्याला कोणी शौर्य म्हणत नाही.

खरी परीक्षा रविवारची. वही केली. प्रत्येक डाव लिहायचा, शेजारी समोरच्यानं कुठल्या चालीला किती वेळ घेतला ते. या वहीतून पहिली कळलेली गोष्ट बुद्धिबळाची नव्हतीच. घोडा कडेला आला की साठीच्या पुढचे लोक तो ताबडतोब उंटानं मारतात. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी तर माझा हात घोड्यावरून निघायच्या आत मारला. मी उंटानं परत मारलं, माझे दोन्ही उंट शाबूत, त्यांचा काळ्या घरांतला उंट गेलेला, आणि मला आणखी काय हवं होतं? मुलं मात्र तो घोडा मारत नाहीत. ती हात मांडीखाली घेऊन बसतात. हात मांडीखाली ठेवायचा हे त्यांना कोणीतरी शिकवलेलं असतं.

त्यांतली एक सातवीतली मुलगी. दुसऱ्या चालीनंतर तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

याला पट मांडलेला असताना देता येईल असं उत्तर नव्हतं. तिनं तिसऱ्या चालीला अकरा मिनिटं घेतली. उंट ई३, वजीर डी२, लांबचा किल्लेकोट, एच-प्यादं पुढे, सगळं रीतसर. एच५, जी५. तिथे तिला मोहीम संपल्याचं कळलं आणि ती ओठ चावत एफ-प्यादं पुढे काढायला लागली, जे बरोबरच होतं. तिथून पुढचा डाव आम्ही दोघंच खेळलो. तिला घाई नव्हती, पण तिला हत्ती फार प्रिय होते. दोन्ही हत्तींची अदलाबदल तिनं तीनदा टाळली. ती कोण आहे हे मला पंचविसाव्या चालीपर्यंत पुष्कळ कळलं होतं. शेवटी बरोबरी झाली. उठताना ती मैत्रिणीला म्हणाली, "घोडा काढायचा आणि परत घरी नेऊन बांधायचा. तबेला डिफेन्स." नाव तेव्हा पडलं. मी काही भारदस्त ठेवायच्या विचारात होतो, राहिलं.

पुढच्या रविवारी ती यंत्राला विचारून आली. सी-प्यादं पुढे, घोडे बाहेर, किल्लेकोट, डी५, आणि बसून राहिली. हुबेहूब. सातवीतली मुलगी अशी थंडपणे बसून राहते तेव्हा ते कोणी शिकवलंय हे ओळखू येतं. मी चौतीस चाली गुदमरलो आणि राजा आडवा केला.

इथे प्रश्न खरा उभा राहिला. एकदाच चालणारी सुरुवात ही फक्त कोडं असते. उत्तर कळलं की संपली. मला परत सिसिलियनकडे जाता आलं असतं. पण अण्णांची ती रचना दुसऱ्या रविवारी टिकत नाही, हे काही केल्या मानवेना. ओसरीवर तीच माणसं तीच रचना वर्षानुवर्षं बघत होती की. त्यांना ती ठाऊक असूनही आत शिरता येत नव्हतं. मग अण्णा गुदमरत कसे नव्हते?

याचं उत्तर शोधताना महेशचंद्र बॅनर्जी भेटले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जॉन कॉकरेन नावाचा बॅरिस्टर कलकत्त्यात होता, युरोपातल्या बड्या खेळाडूंपैकी एक. कलकत्त्याबाहेर गेला असताना त्याला कळलं, की इथे एक ब्राह्मण आहे, तो बुद्धिबळात आजवर हरलेला नाही. कॉकरेननं त्याला बोलावून हरवलं, पण चकित झाला, कारण युरोपीय नियमांतल्या काही गोष्टी त्या माणसाला ठाऊकच नव्हत्या आणि तरी तो असा खेळत होता. मग पुढची काही वर्षं दोघं कलकत्त्यात शेकडो डाव खेळले. देशी हाताला प्यादं एक घर सरकवायची सवय, आणि तीच त्यांच्या काळ्यांच्या डावांत दिसते: जी६, डी६, उंट जी७ वर. पांढऱ्याला मध्य देऊन टाकायचा आणि मग बाजूनं तो पोखरायचा. १८५५ च्या एका डावात त्यांनी काळ्यांनी जी मांडणी केली, ती ६७ वर्षांनी, १९२२ मध्ये, व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डनं खेळली आणि त्याच वर्षी तिच्या जोरावर अलेखिनला हरवलं. आज तिला ग्रुनफेल्ड म्हणतात. कॉकरेनच्या नावाचाही एक गॅम्बिट आहे, घोडा देऊन राजा उघडा करायचा. तो त्यानं खेळला तो महेशचंद्रांविरुद्धच, १८४८ मध्ये. महेशचंद्रांच्या नावाचं काही नाही. 'इंडियन' एवढं आडनाव तेवढं उरलं: किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन.

पण डाव उरले, कारण समोर बसलेल्या माणसाला लिहून ठेवायची सवय होती. ते डाव मी एकामागून एक मांडून पाहिले. आणि त्यांत जे दिसलं ते अण्णांच्या ओसरीवरही होत असणार: एक घर सरकलेलं प्यादं तिथे थांबायला आलेलं नसतं. देशी खेळात प्यादं एक घर चालतं, पण दोनदा चालतं. पहिल्यांदा घर लावायला, दुसऱ्यांदा समोरच्याचं मोडायला. मी यंत्राच्या भीतीनं दुसरी चाल हिशेबातच धरली नव्हती, कारण यंत्राच्या लेखी ती उशिरा आलेली, एक वेळ वाया घालवलेली चाल.

म्हणून आता असं. ती सी-प्यादं पुढे काढून जागा बळकावायला लागली की मी डी६ करून लगेच ई५ करतो. तिनं मारून वजिरांची अदलाबदल केली तर गुदमरण्याचा प्रश्नच मिटतो. डी५ करून मध्य बंद केला, तर उंट जी७ वर, किल्लेकोट, आणि मग एफ६ वरचं तेच प्यादं आणखी एक घर, एफ५ वर. त्यामागे हत्ती असतो. घोडा एफ७ वरून ई५ ला धरून असतो आणि वाट पाहत असतो. ही चाल केल्यावर मी पट दुरून पाहिला आणि हसू आलं. प्याद्यांची ही रचना किंग्ज इंडियनची होती. समोरच्या दारानं जे लोक आठ चालींत येतात, तिथे मी मागच्या दारानं, तबेल्यातून, एक चाल उशिरा पोचलो होतो.

त्या एका चालीचं यंत्राला अजूनही वाईट वाटतं. पण आधीपेक्षा कमी. आणि तिसऱ्या रविवारी त्या मुलीनं बसून राहायचा प्रयत्न केला तेव्हा एफ५ नंतर तिला बसता येईना. तिथून पुढचं तिच्या फोनमध्ये नव्हतं. तो डाव मी जिंकलो, हत्तींच्या शेवटात, बऱ्याच वेळानं. त्यापेक्षा तिनं त्यानंतर तासभर थांबून माझ्याशी वाद घातला त्याचं मोल जास्त. तिचं म्हणणं, मी ई५ करायच्या आधी तिनं राजाच्या बाजूला जी-प्यादं पुढे काढलं तर? मी म्हटलं, काढून बघ.

वहीत आता ४३ डाव झाले आहेत. अण्णांचा एकही डाव कुठे लिहिलेला नाही. त्यांनी आणि त्यांच्याबरोबर ओसरीवर बसणाऱ्या चार-पाच जणांनी किती काय शोधून, तपासून, टाकून दिलं असेल, ते त्यांच्याबरोबर गेलं. वाईला, सांगलीला, कोकणात, अशा किती ओसऱ्या असतील. मला त्यांच्या एका घोड्याची जागा तेवढी आठवते, कारण मी तिच्यावर डोकं आपटलं होतं. त्याच्याशिवायचे मोहरे ते कुठे ठेवत, वजिराच्या बाजूला काय करत, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. एक उंट बी७ वर असावा असं वाटतं, पण ते मी आठवतोय की रचतोय, सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात त्या मुलीच्या आईच्या फोनवरून एक फोटो आला. तालुक्याच्या स्पर्धेतला डाव लिहिलेला कागद, तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात. काळे मोहरे तिचे. जी६, घोडा एच६, एफ६, घोडा एफ७. पाचव्या चालीला तिनं माझं डी६ न करता बी६ केलंय आणि पुढे उंट बी७ वर आणलाय. खाली लिहिलंय, "काका हे चालेल का?" निकालाचा भाग फोटोत आलेला नाही. पट मांडला आहे. अजून यंत्राला विचारलेलं नाही.